डागाळलेली अकरा रोपं

आमच्या वन्संना पानावर डाग खपायचा नाही. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, भावाला लहानाचा मोठा केला आणि बावीस वर्षं एका रोपवाटिकेत काढली. टोमॅटो, मिरची, वांगी, कोबी, यांची रोपं ट्रेमध्ये वाढवून विकायची, असं ते काम. सकाळी सातला डाव्या हातात पिशवी घेऊन त्या वाफ्यांमधून चालायला लागायच्या आणि उजव्या हातानं उपटत जायच्या. पानावर ठिपका दिसला की रोप मुळासकट बाहेर, पिशवीत, पिशवीचं तोंड बंद, पुढं चला. विचारबिचार काही नाही. एकदा मी म्हटलं, अहो, त्यातलं एखादं वाचलंही असतं. तर म्हणाल्या, एकाची दया केली की अख्खा वाफा जातो, मग त्या दयेचं काय लोणचं घालायचं?

उपटणं हीसुद्धा कला असते हे मला त्यांच्याकडं बघून कळलं. तुम्ही आम्ही रोप ओढलं की देठ हातात येतो आणि मूळ मातीत राहतं. वन्सं दोन बोटं मातीत घालायच्या, मनगट जरासं वळवायच्या, की रोप तळापासून अलगद वर. मागं मुळाचा तंतूसुद्धा राहायचा नाही. मूळ राहिलं की रोग राहिला, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या हातची रोपं न्यायला लांबलांबून लोक यायचे आणि मालक प्रत्येकाला सांगायचा, ट्रेमध्ये एक डाग दाखवा, ट्रे फुकट देतो.

घरात मात्र हा गुण मला जड जायचा. खोटं कशाला बोलू? मी घासलेली भांडी त्या पुन्हा घासायच्या. मी घातलेल्या कपड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालायच्या. तोंडानं एक अक्षर नाही, नुसतं करायचं. भांडणाऱ्या नणंदेशी दोन हात करता येतात, न बोलणाऱ्या नणंदेचं काय करणार? ह्यांना सांगावं तर हे म्हणायचे, ताईला सवय आहे, तू मनाला लावून घेऊ नकोस. बोलायला यांचं काय जातं.

मग एका वर्षी रोपवाटिकेत करपा शिरला, म्हणजे पानं जाळत जाणारा रोग. आठ दिवसांत सगळं संपलं. वन्सं सकाळी सातपासून अंधार पडेपर्यंत उपटत होत्या, त्यांच्या पुढं करपा, मागं करपा. नवव्या दिवशी मालकानं फाटकाला कुलूप घातलं. वन्सं घरी आल्या, हात धुतले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या, त्या चार महिने बसल्याच. वय बावन्न. भांडीसुद्धा पुन्हा घासेनात, तेव्हा मलाच भीती वाटायला लागली.

मी एका संशोधन संस्थेत प्रयोगशाळेत काम करते. चौदा वर्षं झाली. आमच्या मॅडम गव्हाच्या तांबेऱ्यावर काम करायच्या. तांबेरा म्हणजे बुरशीच, पानांवर गंजासारखी नारिंगी भुकटी येते आणि उभं पीक बसतं. मॅडमकडं मी वन्संसाठी शब्द टाकला. काचघरात पाणी घालायला सहा महिन्यांसाठी माणूस हवं होतं. मॅडमनी वन्संचे हात बघितले, दोन प्रश्न विचारले आणि सोमवारपासून या म्हणाल्या. त्या रात्री वन्संनी भांडी पुन्हा घासली, आणि बाई गं, मला बरं वाटलं.

आता तिथलं काम सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. बुरशीचे बीजाणू, म्हणजे तिचं बी, पानावर पडतात. रुजतात, पानाच्या आत घुसतात आणि जिवंत पेशींतला रस पिऊन वाढतात. तांबेऱ्याला मेलेली पेशी चालत नाही, जिवंतच लागते. मग लढणारं रोप काय करतं, तर जिथं बुरशी शिरली तिथं स्वतःच विष तयार करतं. हे विष आपण श्वासात घेतो त्याच ऑक्सिजनचं बिघडलेलं, जळतं रूप. जखमेवर ओतलं की फेस येतो ते औषध असतं ना, हायड्रोजन पेरॉक्साइड, तेच. त्यात बुरशी भाजते, ती पेशीही मरते, शेजारच्या दोनचार मरतात, आणि बुरशीचं जेवण बंद होतं. पानावर उरतो टाचणीच्या डोक्याएवढा कोरडा ठिपका. जे रोप लढत नाही, ते सहाव्या दिवशीसुद्धा हिरवंगार, देखणं दिसतं. बाराव्या दिवशी त्याच्यावर हात फिरवा, तळहात नारिंगी होतो.

पण ही आग लावणं सोपं, विझवणं अवघड. मॅडमच्या आधीच्या रोपांत ती पसरत जायची, ठिपक्याचा चट्टा व्हायचा, चट्ट्याचं पान आणि पानाचं रोप. तांबेऱ्यानं मारायच्या आधी रोपच स्वतःला मारायचं. आपलेच दात आपलेच ओठ. म्हणून मॅडम असं रोप शोधत होत्या की ज्याला पेटताही येतं आणि वेळेवर थांबताही येतं. एका रानगवतात तो गुण होता. त्या गवताचा गव्हाशी संकर सहजी होत नाही, झाला तर दाणा भरत नाही. सात वर्षं त्या बाईनं फुलं उघडून, चिमट्यानं पराग लावून, हाताशी काय आलं तर दोनशे एक्केचाळीस दाणे. प्रत्येक दाणा वेगळा, म्हणून सगळेच पेरून बघायला हवे होते. शिल्लक ठेवायला दुसरं बी नव्हतंच.

माझं काम पानं रंगवण्याचं. पानाचा तुकडा रंगाच्या पाण्यात ठेवायचा, मग उकळत्या स्पिरिटमध्ये त्याचा हिरवा रंग काढून टाकायचा. पान पांढरं फटक होतं, आणि जिथं जिथं आग लागली असेल तिथं तपकिरी उमटतं. शाळेतली मुलं संस्था बघायला आली की मी हे त्यांना हौसेनं दाखवायची. दोन मिनिटं लागतात समजावायला.

वन्संनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, तू त्या पानांचं काय करतेस गं? मी म्हटलं, ते तुम्हाला नाही कळायचं, केमिकलचं काम आहे. लाज वाटते आता सांगताना. पण बावीस वर्षांच्या माझ्या संसारात पहिल्यांदा अशी एक जागा मिळाली होती की जिथं मी वरचढ आणि वन्सं नवख्या. पायाचे बूट औषधाच्या पाण्यात बुडवून आत यायचं, पहिलं दार लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, असे नियम मी त्यांना दिवसातून चारदा सांगायची. त्या हो म्हणायच्या. मला चढत गेलं.

दोनशे चाळीस खणांचे ट्रे पेरले, एका खणात दोन दाणे पडले. रोपं दोन पानांची झाली तेव्हा मॅडमनी बीजाणूंची भुकटी फुंकली. सातव्या दिवशी ठिपके मोजायचे होते. नेमकं पाचव्या दिवशी मॅडमना दुसऱ्या गावच्या बैठकीला जावं लागलं. सातव्या दिवशी दुपारपर्यंत परत येते म्हणाल्या, वन्संना फक्त पाणी घालायला सांगितलं. ठिपके वाईट की चांगले, हे त्यांना सांगायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. त्या इमारतीत ते सगळ्यांना पाठ होतं.

सहाव्या दिवशी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते. नुकतीच घासून पालथी घातलेली भांडी वन्संनी पुन्हा नळाखाली घेतली. त्या दिवशी माझं डोकं आधीच फिरलेलं होतं, का ते आता आठवतही नाही. भांडी घासता घासता त्यांनी विचारलं, "आतल्या ट्रेमधल्या काही रोपांना ठिपके पडायला लागलेत. काढू का गं?"

मला नीट कळलं त्या कुठल्या ट्रेबद्दल विचारतायत. मी त्यांच्या हातातल्या भांड्याकडं बघितलं आणि म्हटलं, "तुम्हाला माझ्यापेक्षा सगळंच जास्त कळतं. तुमच्या मनाला येईल ते करा."

मनात काय होतं तेही सांगते, लपवून काय करू. मला वाटलं, सकाळी मॅडम आल्यावर त्यांना विचारतील, मॅडम चार शब्द सुनावतील, बरं होईल, एकदा नाक खाली होऊ दे. एवढंच. मॅडम दुपारी येणार आणि वन्सं सकाळी सातला कामाला लागणार, हा हिशेब माझ्या डोक्यात आलाच नाही. खरं म्हणजे मी डोकं चालवलंच नाही, फक्त तोंड चालवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाफेच्या यंत्रापाशी एक पिशवी तोंड बांधून ठेवलेली होती. रोगट काही बाहेर जाऊ नये म्हणून काचघरातला सगळा कचरा आम्ही आधी वाफेत शिजवतो, मग टाकतो. ते यंत्र मीच चालवते. पिशवी हलकी होती. मी ती न उघडताच आत ठेवली, झाकण आवळलं आणि बटण दाबलं. दहा वाजून दहा मिनिटं झाली होती, ती वेळ वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेली आहे.

मॅडम साडेबाराला आल्या. बॅगही न ठेवता थेट काचघरात गेल्या, मी वही घेऊन मागोमाग. वन्सं ट्रेपाशी उभ्या होत्या. ट्रे खरोखर बघण्यासारखे होते, सगळं हिरवंगार, एका पानावर डाग नाही. मधेमधे फक्त काही खण रिकामे.

"मॅडम, अकरा रोपांना डाग लागले होते, ती काढली," वन्सं म्हणाल्या. "मुळासकट काढली. बाकीची सगळी स्वच्छ आहेत."

बावीस वर्षं त्या मालकाला असंच सांगत आल्या होत्या. मॅडमनी रिकामे खण मोजले, पुन्हा मोजले, आणि मग त्या तिथंच ओल्या फरशीवर बसल्या. पांढरा कोट खाली चिखलात. वन्संना वाटलं चक्कर आली, त्या पाणी आणायला धावल्या. मॅडमनी माझ्याकडं बघून पिशवी कुठंय म्हणून विचारलं, आणि मी यंत्राकडं बोट दाखवलं.

पिशवी आम्ही उघडली. आत शिजून लिबलिबीत झालेल्या रोपांचा गोळा होता. वन्संना काय झालंय हे अजून कळलेलं नव्हतं, आणि मॅडम पिशवीपाशीच बसून होत्या, म्हणून सांगायचं माझ्यावर आलं. मी त्यांना माझ्या खोलीत नेलं. जुनं एक रंगवलेलं पान भिंगाखाली ठेवलं आणि ती दोन मिनिटांची गोष्ट सांगितली. कुठं आग लागते, कोण मरतं, काय वाचतं. त्या भिंगाला डोळा लावून कितीतरी वेळ वाकून उभ्या होत्या.

"म्हणजे लढणारी होती ती," त्या म्हणाल्या. "आणि मी पळपुटी ठेवली."

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. पण फाशीचा हुकूम माझा होता.

वन्संनी ती शिजलेली रोपं एक एक करून वर्तमानपत्रावर मांडली. देठ हाताला चिकटत होते. प्रत्येकाचं मूळ त्यांनी टोकापर्यंत बघितलं. गव्हाचं रोप वरून तुटलं आणि खाली मातीत बुडखा राहिला तर पुन्हा फुटतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. अकराच्या अकरा मुळं सबंध होती. एकाचं तरी तुटायचं होतं, एवढंच त्या पुटपुटल्या. तरीही त्या सगळ्या खणांतली माती त्यांनी चमच्यानं काढली, चाळली, चिमट्यानं चिवडली. काही सापडलं नाही. त्यांच्या हातून काही मागं राहतच नव्हतं.

संध्याकाळी संस्थेच्या साहेबांसाठी मॅडमना कारण लिहून द्यायचं होतं. त्यांनी आम्हा दोघींना खोलीत बोलावलं. ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. वन्संना विचारलं, "ताई, हे काढायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?"

वन्सं मॅडमच्या मागच्या भिंतीकडं बघत होत्या. म्हणाल्या, "नाही. माझ्या मनानं काढली."

मी शेजारीच उभी. माझ्या हातात नोंदवही होती. जीभ टाळ्याला चिकटली म्हणतात ना, ते खोटं आहे. जीभ मोकळी होती. मला बोलता येत होतं आणि मी बोलले नाही. मॅडमनी वन्संचं वाक्य जसंच्या तसं कागदावर उतरवलं.

रात्री घरी मी वाट बघत होते की आता या मला धरतील. भावाला सांगतील. मला तेच हवं होतं, म्हणजे मग भांडता तरी आलं असतं. वन्संनी ह्यांना एवढंच सांगितलं की माझ्या हातून कामावर मोठी चूक झाली. हे म्हणाले, ताई, तुझ्या हातून? आणि हसले. त्यांना ते खरंच वाटेना.

तिसऱ्या दिवशी मॅडमना दोनशे एक्केचाळिसावा दाणा आठवला. अठ्ठावन्न नंबरच्या खणात दोन पडले होते आणि उगवलं होतं एकच. दुसरा कुजला असेल, मॅडम म्हणाल्या, आणि नसला कुजला तरी तो लढणारा निघेल याला काही आधार नाही, दोनशे चाळिसात अकरा होते, म्हणजे बाविसात एक. हे सगळं त्यांनी वन्संना स्वच्छ सांगितलं. वन्संच्या कानात फक्त दाणा शिरला.

तो त्यांनीच काढला. अठ्ठावन्नच्या खणातली माती पांढऱ्या ताटलीत घेऊन, ओल्या कुंचल्यानं सारत सारत. फुगलेला, एका बाजूनं काळपट, पण दाबल्यावर घट्ट. मॅडमनी तो औषधाच्या पाण्यात धुतला आणि ओल्या कागदावर झाकणाच्या ताटलीत ठेवला. त्यानंतर वन्सं घरात होत्या पण घरात नव्हत्या. देव पाण्यात घालून बसणं म्हणजे काय ते मी बघितलं. जेवताना घास हातात राहायचा. सकाळी साडेसहालाच बाहेर पडायच्या. रविवारी संस्था बंद, तर पहारेकऱ्याच्या विनवण्या करून आत गेल्या. मला म्हणायच्या, तुला काय वाटतं, येईल ना? मी म्हणायची, येईल. दुसरं काय म्हणणार होते?

आठव्या दिवशी दाणा फुटला. मोड इतका बारीक की मला भिंगातून बघावा लागला, वन्संना नुसत्या डोळ्यांनी दिसला. त्या माझा हात धरून हसल्या, आणि मी मेली नजर चुकवून परत भिंगात बघत राहिले. मोड वेगळ्या काचघरातल्या कुंडीत गेला. पहिलं पान आलं, दुसरं आलं. त्याच आठवड्यात बाकीचे सगळे ट्रे नारिंगी झाले. ती देखणी, स्वच्छ रोपं, दोनशे एकोणतीस, एकही वाचलं नाही. काचघराच्या काचांवरसुद्धा नारिंगी थर बसला. वन्संनी ती सगळी स्वतः उपटली आणि पिशव्या माझ्याकडं आणून दिल्या. मी यंत्र चालवलं.

मग त्या एकुलत्या रोपावर मॅडमनी भुकटी फुंकली. भुकटी जरा जास्तच पडली. आता सहा दिवस वाट बघायची.

पहिल्या दोन दिवसांत काही दिसत नाही. तिसऱ्या दिवशी वन्सं म्हणाल्या, टोकाशी काहीतरी आहे. काही नव्हतं, धूळ होती. चौथ्या दिवशी त्यांनी माझं भिंग मागून घेतलं. पाचव्या दिवशी मी काचघरात गेले तेव्हा त्या कुंडीपुढं स्टुलावर बसून पानाशी बोलत होत्या. मी दारातच थांबले. "एक पड रे बाबा," त्या म्हणत होत्या. "एवढासा पड. मी हात लावणार नाही. शपथेवर सांगते, हात लावणार नाही."

ज्या बाईनं जन्मभर डागाचा दुस्वास केला, ती डागापुढं पदर पसरून बसली होती. मी आत न जाता परत फिरले आणि संडासात जाऊन रडून घेतलं. तिथून सरळ मॅडमच्या खोलीत जाऊन सांगता आलं असतं, तेही मी केलं नाही. मनात म्हटलं, उद्या ठिपका आला की मग सांगेन. ठिपका आला असता तर माझं पाप जरा हलकं झालं असतं, नाही का? म्हणजे मीही त्याच्यापुढंच पदर पसरला होता.

सहाव्या दिवशी सकाळी पान स्वच्छ होतं. वन्संनी मला पुढं केलं. "माझी नजर गेलीय," त्या म्हणाल्या, "तू बघ. तुला दिसेल." मी भिंग घेऊन देठापासून टोकापर्यंत बघितलं, उलटं करून बघितलं. हिरवंगार, तजेलदार. मी नाही म्हणून मान हलवली.

मॅडम म्हणाल्या, रंगवून बघ. मला वाटतं त्या वन्संसाठीच म्हणाल्या. मी एक पान कापलं, रंगाच्या पाण्यात ठेवलं, स्पिरिटमध्ये उकळलं. वन्सं शेजारी उभ्या. हिरवा रंग उतरत गेला आणि पान कागदासारखं पांढरं निघालं. सुईच्या टोकाएवढंही तपकिरी नाही. वन्संनी पान चिमट्यानं उचलून खिडकीपाशी धरलं, मग दिव्यापाशी धरलं, मग परत ताटलीत ठेवलं.

त्या दुपारी मी मॅडमकडं गेले. सांगितलं, त्यांनी मला विचारलं होतं. आदल्या संध्याकाळी विचारलं होतं आणि मला माहीत असूनही मी कुजकं उत्तर दिलं. मॅडम सात वर्षांच्या वह्या खोक्यात भरत होत्या. हातातली वही तशीच धरून त्यांनी माझ्याकडं बघितलं. महिना झाला या गोष्टीला, त्या म्हणाल्या, आता मी हे घेऊन काय करू? खरंच होतं. कागद केव्हाच वर गेला होता, वन्संचं काम महिनाअखेर संपणार होतं आणि मॅडमना दुसऱ्या विभागात पाठवलं होतं. माझी नोकरी जशीच्या तशी राहिली.

घरी आल्यावर वन्संनाही सांगितलं, की मी मॅडमना सगळं सांगून आले. "तुम्ही मला विचारलं होतंत, वन्सं. चूक माझी आहे."

"विचारलं होतं," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "पण हात माझा होता ना."

याला वर्ष होऊन गेलं. भांडी आता एकदाच घासली जातात, मी घासते तशी. मी मुद्दाम चिकट ठेवून बघितली, तरी त्या हात लावत नाहीत. संध्याकाळी मी पालेभाजी निवडायला घेतली की शेजारी येऊन बसतात, एक एक पान उचलतात आणि माझ्यापुढं धरतात. हे ठेवू का? हे टाकू का? धडधडीत सडलेलं पानसुद्धा विचारल्याशिवाय टाकत नाहीत. ह्यांना वाटतं ताईचं वय झालं, विसरायला होतं. मला माहीत आहे काय झालंय ते. एका जुडीला तास लागतो. मी प्रत्येक पानाला उत्तर देते, ठेवा, ठेवा, टाका, ठेवा, आणि त्या सांगेन तसं करतात.